गुलामगिरीविषयक कुमार ऐतिहासिक कादंबरी

साधारण बारा ते अठरा वर्षे वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरीचा एक प्रकार. गुलामगिरीत जन्मलेला किंवा गुलाम म्हणून विकला गेलेला किशोरवयीन मुलगा अथवा मुलगी या कादंबरीच्या केंद्रस्थानी असते आणि स्वातंत्र्याचा शोध हे कथानकाचे सूत्र असते. हा प्रकार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष बहरला. त्यातील बहुतेक कादंबऱ्या तेथील सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील गुलामगिरीवर आधारलेल्या असल्याने या नोंदीत त्यांचाच विचार केला आहे.

या कादंबऱ्यांचा नायक किशोरवयीन असतो तो केवळ वाचकाच्या सोयीसाठी नव्हे. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख लोक गुलामगिरीत होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वीस वर्षांखालील होते. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये केलेल्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला. बाप स्वतंत्र असो की खुद्द मालक असो, आई गुलाम असेल तर मूल जन्मतःच गुलाम ठरे. १ जानेवारी १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी आली, मात्र देशांतर्गत खरेदी-विक्री चालूच राहिली. कापसाची लागवड दक्षिणेकडे व पश्चिमेकडे पसरली, तशी व्हर्जिनिया, मेरीलंड यांसारख्या जुन्या राज्यांतून लाखो माणसे अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या राज्यांकडे विकली गेली. कामाच्या वयाला आलेल्या मुलामुलींना या व्यापारात मोठी मागणी असे. मालक कर्जात बुडाला, मेला किंवा त्याच्या मुलीचे लग्न ठरले, एवढे कारणही मायलेकरांची आणि भावंडांची ताटातूट व्हायला पुरे होई. त्यामुळे या कादंबऱ्यांतील शोध पुष्कळदा दुहेरी असतो : मोकळ्या प्रदेशाचा आणि हरवलेल्या माणसांचा. या दोहोंपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ नायकावर येते, तेव्हा कादंबरी सर्वांत खरी वाटते.

लेखकांपुढची पहिली अडचण साधनांची असते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळी परिशिष्टे केली होती. त्यांत मालकाचे नाव असे. त्याखाली गुलामांचे वय, लिंग व वर्ण एवढ्याच नोंदी असत आणि त्यांची नावे जवळजवळ कोठेच लिहिलेली नसत. पळून गेलेल्यांना पकडून देण्यासाठी मालकांनी वृत्तपत्रांत दिलेल्या जाहिराती या दृष्टीने अधिक बोलक्या आहेत. पळालेल्या व्यक्तीचे नाव, अंगावरील कपडे, चाबकाच्या खुणा, बोलण्याची लकब, तिला अवगत असलेली कला आणि ती कोणाच्या ओढीने कोठे गेली असावी याचा अंदाज हे सारे मालकाच्याच लेखणीतून त्यांत उतरले आहे. या नोंदी पकडण्यासाठी लिहिल्या गेल्या, तरी आज त्या व्यक्तीच्या धैर्याचा तोच एकमेव पुरावा असू शकतो.

याहून मोलाची साधने म्हणजे मुक्त झालेल्यांची आत्मकथने. फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन १८४५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाल्टिमोर येथे मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली आणि नवऱ्याने ती बंद पाडली. पुढे रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून डग्लस वाचायला शिकले. १८३८ मध्ये ते पळाले, पण इतरांची वाट बंद होऊ नये म्हणून पलायनाची रीत त्यांनी पुस्तकात सांगितली नाही; खलाशाच्या वेषात आणि उसन्या कागदपत्रांवर केलेल्या त्या प्रवासाची हकिगत त्यांनी तपशीलवार सांगितली ती १८८१ च्या आत्मचरित्रात. हॅरिएट जेकब्स यांचे आत्मकथन १८६१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाले. उत्तर कॅरोलायनातील ईडन्टन येथे आजीच्या घराच्या माळ्यावर, सुमारे नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त तीन फूट उंच जागेत त्या जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या आणि लाकडाला पाडलेल्या छिद्रातून आपल्या मुलांना पाहत राहिल्या. ही कथा कल्पित आहे असे अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. १९८० च्या दशकातील संशोधनाने तिची सत्यता प्रस्थापित झाली.

१९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती नोंदवल्या गेल्या. मुलाखत देणारे त्या वेळी वृद्ध होते आणि गुलामगिरी संपली तेव्हा त्यांतील बहुतेक जण लहान होते. म्हणजे हा संग्रह मुख्यतः बालपणाच्या आठवणींचा आहे आणि कुमार कादंबरीला तो फार जवळचा आहे. तो वापरताना मात्र सावधगिरी लागते. बहुतेक मुलाखतकार गोरे होते, वंशभेदाच्या कायद्यांचा तो काळ होता आणि सांगणाऱ्याला काय बोलणे सुरक्षित आहे याचा विचार करावा लागे. शिवाय मुलाखतकारांनी बोलीचे उच्चार आपल्या समजुतीप्रमाणे लिहिले. अशा लेखनाचे अनुकरण करणाऱ्या कादंबरीत पात्रे बुद्धीने कमी भासू लागतात. त्यापेक्षा वाक्याची लय आणि बोलण्यातील दाखले यांतून बोली सुचवण्याचा मार्ग निश्चितच अधिक न्याय्य आहे.

या वाङ्मयप्रकाराचा खरा पेच कथनाचा आहे. कुमार कादंबरीला स्वतः निर्णय घेणारा नायक हवा असतो आणि गुलामगिरीचा कायदा निर्णयाचा अधिकारच मान्य करीत नाही. दुबळ्या कादंबऱ्या या पेचातून दोन सोप्या वाटा काढतात : एक तर नायकाला आजच्या मुलासारखे धीट व बोलके करतात, नाहीतर एखादा दयाळू गोरा माणूस आणून त्याच्या हातून सुटका घडवतात. चांगल्या कादंबऱ्या अत्यंत आकुंचित जागेतील निवडीकडे लक्ष देतात : मालकाने दिलेल्या नावामागे आपले नाव जपणे, धाकट्या भावंडाची शिक्षा स्वतःवर घेणे, अक्षरे शिकणे. अक्षरओळखीचा धोका आणि उपयोग दोन्ही प्रत्यक्ष होते. दक्षिण कॅरोलायनाने १७४० मध्येच गुलामांना लिहायला शिकवण्यास बंदी केली होती आणि १८३० च्या सुमारास इतरही दक्षिणी राज्यांनी कायदे कडक केले. कारण मळ्याबाहेर जाण्यासाठी मालकाच्या हातची चिठ्ठी लागे आणि ज्याला लिहिता येई त्याला ती स्वतःच तयार करता येई.

पलायनाचा भूगोलही साध्या नकाशाएवढा सरळ नव्हता. १८५० च्या फरारी गुलामविषयक कायद्याने मुक्त राज्येही, म्हणजे जेथे गुलामगिरीला बंदी होती ती उत्तरेकडील राज्येही, असुरक्षित झाली. पळालेल्याला मदत करणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शके. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाच्या स्वाधीन केल्यास दहा डॉलर आणि सोडून दिल्यास पाच डॉलर शुल्क मिळे. त्यामुळे कॅनडा गाठणे अनेकांना अपरिहार्य वाटू लागले. परंतु सर्व वाटा उत्तरेकडे जात नव्हत्या. स्पॅनिश फ्लोरिडात १७३८ मध्ये फोर्ट मोझे ही मुक्त कृष्णवर्णीयांची वसाहत स्थापन झाली होती. व्हर्जिनिया व उत्तर कॅरोलायना यांच्या सीमेवरील ग्रेट डिस्मल दलदलीत पळून आलेल्यांच्या वस्त्या होत्या. स्वातंत्र्ययुद्धात, १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने बंडखोर मालकांचे जे गुलाम ब्रिटिशांच्या बाजूने शस्त्र धरतील त्यांना मुक्त करण्याची घोषणा केली. स्वातंत्र्याची भाषा एका पक्षाची आणि सुटकेचे वचन दुसऱ्याचे, ही परिस्थिती कादंबरीकारांना आकर्षक वाटली तर नवल नाही.

या विषयावर दंतकथांचाही मोठा थर आहे. गोधड्यांवरील नक्षीतून पळणाऱ्यांना संकेत दिले जात, ही लोकप्रिय समजूत कुमार पुस्तकांतून फार पसरली, पण तिला समकालीन पुरावा सापडलेला नाही. स्वतः गुलामगिरीतून पळालेल्या आणि इतरांना सोडवण्यासाठी परत जात राहिलेल्या हॅरिएट टबमन यांनी तीनशे लोकांना सोडवल्याचे अनेक जुन्या पुस्तकांत आढळते. आजचे संशोधन सुमारे तेरा फेऱ्या आणि सत्तरच्या आसपास माणसे असे मानते. सशस्त्र पाळतीच्या प्रदेशात इतक्या वेळा परत जाणाऱ्या स्त्रीची थोरवी आकड्याच्या दुरुस्तीने तिळमात्र कमी होत नाही.

विकासाच्या दृष्टीने पाहता, ज्यूलियस लेस्टर यांच्या ‘टू बी अ स्लेव्ह’ (१९६८) या संकलनाने गुलामांचे स्वतःचे शब्द तरुण वाचकांसमोर ठेवले. ते कादंबरी नसले तरी नंतरच्या लेखनाला त्याने दिशा दिली. पॉला फॉक्स यांच्या ‘द स्लेव्ह डान्सर’ (१९७३) या कादंबरीला बालकुमार साहित्यासाठी अमेरिकेत दिले जाणारे न्यूबेरी पदक १९७४ मध्ये मिळाले. गुलामवाहू जहाजावर बळजबरीने नेलेल्या गोऱ्या मुलाच्या तोंडून ती सांगितलेली असल्याने आफ्रिकी बंदिवान पार्श्वभूमीतच राहतात, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला. हा आक्षेप रास्त होता. एकविसाव्या शतकातील महत्त्वाच्या कादंबऱ्यांत निवेदन बहुधा कृष्णवर्णीय किशोरांकडे आले. लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या ‘चेन्स’ (२००८) मध्ये १७७६ च्या न्यूयॉर्कमधील इझाबेल ही तेरा वर्षांची मुलगी दोन्ही पक्षांचा अनुभव घेते आणि कोणाचेच वचन आपल्यासाठी नाही हे ओळखते. क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांची ‘एलायजा ऑफ बक्स्टन’ (२००७) ही १८४९ मध्ये कॅनडात वसलेल्या बक्स्टन येथे स्वतंत्र जन्मलेल्या मुलाची कथा आहे. त्याने गुलामगिरी भोगलेली नाही, केवळ ऐकलेली आहे. वाचकाचीही स्थिती तीच असल्याने ही योजना विलक्षण परिणामकारक ठरते.

हिंसा किती दाखवावी, हा वाद अजून मिटलेला नाही. अतिसौम्यतेचे परिणाम २०१६ मध्ये दिसले : जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरातील गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस याला आनंदाने केक करताना दाखवणारे, लहान मुलांसाठीचे एक चित्रपुस्तक तीव्र टीकेनंतर प्रकाशकाने मागे घेतले. प्रत्यक्षातील हर्क्युलिस १७९७ मध्ये पळून गेला होता. कुमारवयीन वाचकाला चाबकाचे वर्णन पानेच्या पाने देण्याची गरज नसते. पण मार पडला, माणसे विकली गेली, मुलींवर अत्याचार झाले, हे त्याच्यापासून लपवणे म्हणजे ज्यांनी ते सोसले त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

बऱ्याच कादंबऱ्या नायक सीमा ओलांडतो तेथे संपतात. इतिहास तेथे संपत नाही. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली आणि त्यानंतर कित्येक दशके कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत विकल्या गेलेल्या आईवडिलांचा, मुलांचा, भावंडांचा शोध घेणाऱ्या जाहिराती छापल्या जात होत्या. जुन्या मालकाचे नाव, विक्रीचे गाव आणि शेवटच्या भेटीचे अंदाजे साल एवढ्या आधारावर लोक आपली माणसे शोधत होते.