‘सा’कडे ओढणारं गाणं

घरात पेटी किंवा साधा कीबोर्ड असेल तर हे स्वर संथपणे वाजवून बघा: सा, म, कोमल नी, कोमल ग, कोमल ध, रे, प. आता पंचमावर थांबा. जीव अडकल्यासारखा होतो आणि बोट आपसूक ‘सा’कडे वळतं.

ग्लोरिया गेनर यांचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ हे १९७८ सालचं डिस्को गाणं याच सात पायऱ्यांवर उभं आहे. सोडून गेलेला प्रियकर परत दारात उभा राहतो आणि ती त्याला वाटेला लावते, एवढीच त्याची गोष्ट. कडवं असो वा ध्रुवपद, खालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ) तेच आणि त्याच क्रमाने. शेवटच्या पायरीवर मात्र एक फार सुंदर गोष्ट घडते. पंचमाच्या कॉर्डमध्ये आधी ‘सा’ धरून ठेवलेला असतो. मग तो अर्धा स्वर खाली, शुद्ध निषादावर उतरतो. इतका वेळ कोमल असलेला निषाद इथे शुद्ध होऊन षड्जाच्या अगदी उंबऱ्याशी येतो, आणि चक्र पुन्हा ‘सा’पासून सुरू होतं. साधारण दर १६ सेकंदांनी हेच. तिहाई (तीनदा वाजणारा एकच बोल) सुरू झाली की समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघणाऱ्या आपल्या कानांना ही ओढ चांगली ओळखीची आहे.

ही वाट बघणंच मेंदूला सुख देतं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना त्यांच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूचे स्कॅन घेतले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन दोन ठिकाणी, दोन वेळी स्रवताना दिसलं: तो क्षण येण्याआधी कॉडेट नावाच्या भागात, आणि तो आल्यावर न्यूक्लियस अक्युम्बन्समध्ये.

आता ब्रेकअपकडे येऊ. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नातं तुटलेलं, पण प्रेम तसंच, अशी ही माणसं. सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवताच त्यांच्याही मेंदूत न्यूक्लियस अक्युम्बन्स जागं झालं. कोकेनच्या तलफेशी जोडलेला हाच तो भाग. रात्री दोन वाजता पुन्हा पुन्हा फोन उचलून ‘लास्ट सीन’ बघणाऱ्याला दुबळं म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. त्याला तलफ आलेली असते. याच अभ्यासातली दिलासा देणारी बाब अशी की, नातं तुटून जितके दिवस जास्त लोटले होते, तितकी जिव्हाळ्याशी निगडित एका भागातली हालचाल कमी होती.

मला वाटतं, या गाण्याची ताकद इथेच आहे. जी यंत्रणा न येणाऱ्या माणसाची वाट बघून शिणली आहे, तिलाच ते दुसरी वाट बघायला लावतं, आणि ही वाट दर वेळी पोचते.

गाणं सुरू होतं भीतीपासून. ठेका नाही, फक्त पियानो आणि आवाज. गेनर तेव्हा स्टेजवर पडून पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. कमरेला आधाराचा पट्टा बांधूनच त्यांनी हे गाणं रेकॉर्ड केलं. कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पण डिस्कोतल्या डीजेंनी तबकडी उलटवली आणि मार्च १९७९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

ते नाचणाऱ्यांनी उचललं, यालाही अर्थ आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना गटागटाने नाचवलं आणि नाचाच्या आधी व नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत नेऊन वेदना कुठवर सोसवते ते पाहिलं. सगळ्यांनी मिळून एकच स्टेप केली, तेव्हा ही मर्यादा वेगवेगळ्या स्टेप करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. बसल्या जागी नुसते हात हलवणाऱ्या मुलांमध्येही.