तंगूस पौंडावर घ्या, ब्रेड जाडीवर

किनाऱ्यावरून ल्युअर (नकली आमिष) फेकून मासे गरवणाऱ्या बहुतेकांच्या कास्टिंग रीलवर आता ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, असते. विकत घेताना मात्र डोक्यात हिशोब अजून तंगुसाचाच, म्हणजे नायलॉनच्या साध्या धाग्याचाच, चालू असतो. दुकानात पहिला प्रश्न "किती पौंडाची?" आणि दुसरा "रंग कोणता?" दोन्ही प्रश्न चुकीचे. मग 80 पौंडाची ब्रेड रीलवर चढते, फेक जेमतेम पुढे जाते आणि दोष बिचाऱ्या रॉडला दिला जातो.

तंगूस सगळ्यांच्या हातातला आहे, त्यावर फार बोलत नाही. नायलॉनचा एकसंध धागा, तुटायच्या आधी मूळ लांबीच्या पाव हिश्श्यापर्यंत ताणला जातो, पाण्यात भिजला की थोडा कमजोर होतो, उन्हात पडला की खराब होतो, आणि स्वस्त आहे. ब्रेड पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची विणलेली असते. ती जवळपास ताणलीच जात नाही आणि पाण्यावर तरंगते. पीई (पॉलिथिलीनचं लघुरूप) म्हणून विकतात तीही हीच. "ब्रेड घेऊ की पीई?" हा प्रश्न आता खरंच बंद व्हायला हवा.

खरा घोळ आकड्यांचा आहे. तंगुसात पौंड सांगितला की जाडी आपोआप कळते. 20 पौंड म्हणजे साधारण 0.45 मिमी, 30 पौंड म्हणजे 0.55, 60 पौंड म्हणजे 0.80. कंपनी बदलली तरी फरक एकोणीस-वीसचा. ब्रेडमध्ये ही जोडी फुटते. 30 पौंडाची ब्रेड 0.28 मिमीच्या आसपास असते, म्हणजे जाडीने 8 पौंडाच्या तंगुसाएवढीच. फेक किती लांब जाणार, स्पूलवर (रीलच्या लाइन गुंडाळायच्या भागावर) किती मीटर मावणार, वारा लाइनला किती ओढणार, कालवांनी भरलेल्या खडकावर ती किती टिकणार, हे सगळं जाडी ठरवते. पौंड फक्त एकच गोष्ट सांगतो: सरळ ओढली तर किती वजनाला तुटेल.

म्हणून ब्रेड घेताना पीईचा आकडा बघायचा, कारण तो जाडीचा आकडा आहे. हे जपानी मोजमाप आहे. पीई 1 म्हणजे 200 डेनिअर, म्हणजे 9,000 मीटर लाइनचं वजन 200 ग्रॅम. मिलिमीटरमध्ये पीई 1 साधारण 0.165, पीई 2 म्हणजे 0.235, पीई 3 म्हणजे 0.285, पीई 4 म्हणजे 0.33 आणि पीई 6 म्हणजे 0.405. आकडा दुप्पट झाला म्हणून जाडी दुप्पट होत नाही. पीई 1 च्या दुप्पट जाड असते ती पीई 4.

याच आकड्याने डब्यावरची थापही पकडता येते. पीई 3 म्हणजे 600 डेनिअर. या तंतूंमधला उत्तम दर्जाचा तंतू डेनिअरमागे 40 ग्रॅमच्या आसपास ताकद देतो. हिशोब होतो 24 किलो, म्हणजे सुमारे 53 पौंड, आणि विणताना त्यातलं थोडं कमीच होतं. तेव्हा डब्यावर "0.28 मिमी, 80 पौंड" लिहिलेलं असेल तर दोनपैकी एक आकडा खोटा आहे. स्वस्त लाइनमध्ये बहुधा जाडीचा. तपासायला पेन्सिलीवर 20 वेढे एकाला एक चिकटवून घ्या आणि पट्टीने मोजा. खरी पीई 3 साधारण 5.7 मिमी भरते. ब्रेड थोडी चपटी बसते, म्हणून अर्धा-एक मिमी इकडेतिकडे चालेल. 8 मिमी भरली तर पीई 3 च्या नावाखाली तुम्ही पीई 6 घेतली आहे, आणि फेक का जात नाही याचं उत्तरही तिथेच आहे.

स्पूल भरतानाही हीच जाडी लागते. रीलवर "0.40 मिमी – 200 मी" असं छापलेलं असेल तर ते तंगुसाचं माप आहे. पीई 3 ब्रेड किती मावेल हे जाडीच्या वर्गावरून काढायचं: 200 × (0.40 × 0.40) ÷ (0.285 × 0.285), म्हणजे सुमारे 394 मीटर. तुमच्याकडे 300 मीटरचा डबा असेल तर 94 मीटरची जागा रिकामी राहते. ती भरायला खाली 0.40 चा तंगूस अंदाजे 48 मीटर गुंडाळा. हे बॅकिंग पैसे वाचवण्यापुरतं नाही. ब्रेड गुळगुळीत असते, थेट स्पूलवर बांधली की मोठ्या माशाच्या ओढीला पूर्ण गठ्ठाच स्पूलवर गरगर फिरतो. ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) घट्ट करून काही होत नाही आणि माणूस रील बिघडलं समजून बसतो.

भरताना लाइन ओल्या फडक्यातून चिमटीत दाबून ताणावर घ्या. सैल भरलेली बारीक ब्रेड जोराच्या ओढीला खालच्या वेढ्यांमध्ये रुतते. पुढच्या फेकीला स्पूल मध्येच थांबतं, ल्युअर तुटून उडतो आणि हातात गुंता उरतो. म्हणूनच खाऱ्या पाण्यातल्या कास्टिंग रीलवर पीई 2 च्या खाली जाऊ नये. बारीक ब्रेड स्पिनिंग रीलवर शोभते, तिथे फेकताना स्पूल फिरतच नाही.

आता खडप, म्हणजे खडकाळ किनारा. "ब्रेड इतकी मजबूत, मग कालवाला लागताच कशी तुटली?" ताकद ओढीची होती, घासण्याची नव्हती. ताणात असलेल्या ब्रेडचे केसाहून बारीक तंतू धारेवर एकेक करून जातात. तंगुसावर त्याच जागी ओरखडा उठतो आणि बाकीची जाडी मासा बाहेर काढते. त्यासाठी लीडर, म्हणजे ब्रेडच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा. कोकणातल्या खडपावर आणि खाडीत जिताडा, तांबोशी, गोबऱ्यासाठी 60 पौंडाचा नायलॉन लीडर, 1 ते 1.2 मीटर. तो 60 पौंडाचा घ्यायचा ते ताकदीसाठी नाही, 0.80 मिमी जाडीसाठी. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, तिथेही हीच जाडी कामाला येते. गढूळ खाडीत महागड्या फ्लुरोकार्बनवर (पाण्यात कमी दिसणाऱ्या लाइनवर) पैसे घालण्यात अर्थ नाही. सुरमईसाठी मात्र दातांपाशी वीतभर स्टीलची वायर हवीच.

ब्रेड आणि लीडरची जोड एफजी गाठीने करा: 20 वेढे, घट्ट ओढण्याआधी गाठ ओली. पॉलिथिलीन नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतं, कोरडी गाठ झटक्यात ओढली की घर्षणाच्या उष्णतेनेच कमजोर होते. अंधारात एफजी जमत नसेल तर डबल युनी, ब्रेडच्या बाजूला 8 वेढे. तंगुसासाठी वापरता ती साधी क्लिंच गाठ ब्रेडवर सरकते, ती विसरा.

ड्रॅगची सवयही बदलावी लागते. तंगूस ताणला जाऊन पहिला झटका खातो, ब्रेड तो सरळ गळावर आणि माशाच्या तोंडावर नेते. 45 पौंडाच्या, म्हणजे सुमारे 20 किलोच्या ब्रेडवर ड्रॅग 5 किलोच्या वर नको. मासे तोलायच्या हुकाच्या काट्याने तो एकदा मोजून लावा, अंदाजावर सोडू नका. आणि ल्युअर खडकात अडकला तर ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, तळवा चिरतो. रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरा, लाकडाच्या तुकड्यावर चार वेढे घ्या आणि मागे चालत जा. 80 पौंडाची ब्रेड इथे माणसाच्या ओढीला तुटतच नाही, हेही ती न घेण्याचं कारण.

तंगूस मुख्य लाइन म्हणून अजूनही दोन ठिकाणी सरस आहे: शिसं लावून तळाला आमिष टाकून बसणं, आणि होडीमागे ल्युअर ओढत सुरमईला गरवणं. दोन्हीकडे त्याचा ताणच गळ सुटू देत नाही. बाकी किनाऱ्यावरून फेकायला पीई 3, आणि उघड्या समुद्रात मोठे पॉपर (पाण्यावर आवाज करणारे ल्युअर) फेकायचे असतील तर पीई 4 ते 5. चार पदरी ब्रेड घासण्याला थोडी बरी, आठ पदरी गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) गुळगुळीत आणि जास्त लांब जाते. मी आठ पदरी घेईन, कारण घासण्याचं काम लीडरचं आहे. रंग कुठलाही घ्या, उडाला तरी ताकद जात नाही.

घरी आल्यावर स्पूल गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, कारण विणीत मीठ बसतं. पुढचे 50 मीटर लोकरीसारखे पिंजलेले दिसले की लाइन फेकून देऊ नका. ती उलटी करून भरा, खालची कोरी बाजू वर येते.