विचारलं तर लोक सरकतात

स्टॅन्ली मिलग्रम हे नाव मानसशास्त्रात एका भयंकर प्रयोगामुळे ओळखलं जातं. वरिष्ठाने सांगितलं म्हणून साधीसुधी माणसं पलीकडच्या खोलीतल्या अनोळखी माणसाला विजेचे झटके देत राहिली, तो प्रयोग. (झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) त्याच मिलग्रमने सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आणखी एक प्रयोग केला. तो फारसा गाजला नाही, पण रोजच्या जगण्याला माझ्या मते तोच जास्त लागू पडतो.

निमित्त झालं सासूबाईंचं. हल्लीची तरुण पोरं पिकल्या केसांच्या बाईला उठून जागा देत नाहीत, अशी त्यांची तक्रार. जावईबापूंनी विचारलं, "तुम्ही मागितली होती का?" सासूबाई चक्रावल्या. मागायची कशी?

मग मिलग्रमने आपल्या विद्यार्थ्यांना सुचवलं की गाडीत जाऊन बसलेल्या माणसाला काहीही कारण न सांगता विचारा, मला तुमची जागा देता का? विद्यार्थी हादरले. शेवटी एकजण तयार झाला. वीस जणांना विचारायचं ठरलं होतं, तो चौदा जणांना विचारून परत आला. पुढे जमेना म्हणाला. मिलग्रमला वाटलं पोरगा नाटक करतोय, म्हणून तो स्वतः गेला. एका प्रवाशासमोर उभा राहिला आणि शब्द घशातच अडकले. कसंबसं विचारलं, समोरचा निमूट उठला, आणि हा नामवंत प्राध्यापक खाली मान घालून, आजारी असल्यासारखं तोंड करून बसला. आपली मागणी योग्य होती हे दाखवायला नको का!

निकाल असा: कारण न सांगता विचारलं तेव्हा ५६ टक्के लोक उठले, आणखी १२ टक्के लोकांनी सरकून जागा करून दिली. म्हणजे दर तिघांतल्या दोघांनी ऐकलं. 'मला उभ्याने पुस्तक वाचता येत नाही' असं फालतू कारण दिलं तेव्हा मात्र प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. लोकांना जागा द्यायला काही वाटत नव्हतं. जड जात होतं ते विचारणाऱ्याला.

मुंबईकराला ते 'सरकणं' चटकन कळेल. सेकंड क्लासचा बाक तिघांचा, पण त्यावर चौथा बसतोच. अर्धा बाकावर, अर्धा हवेत, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला. 'जरा सरकून घ्या' म्हणायचीही गरज नसते, हाताचा पंजा किंचित हलवला तरी पुरतं. तिसरा कपाळाला आठी घालेल, पण सरकेल. तसंच 'कुठं उतरणार?' हे. समोरचा 'घाटकोपर' म्हणाला की घाटकोपरला ती जागा आपली. पावती नाही, साक्षीदार नाही, तरी दुसरा कोणी सहसा घुसत नाही. बदलापूर-कर्जतकडून रोज येणाऱ्या कित्येक गटांत तर अर्ध्या वाटेत बसलेले उठतात आणि उभे असलेले बसतात. न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापकाच्या घशात अडकलेला प्रश्न इथे दिवसाला लाखो वेळा विचारला जातो आणि कोणाला घाम फुटत नाही. आपण न्यूयॉर्ककरांपेक्षा सज्जन आहोत असं समजून खूश होण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की इथे विचारण्याची रीत तयार आहे. समोरचा काय म्हणेल याचा अंदाज प्रत्येकाला आहे, आणि तो बरोबर आहे.

हा अंदाजच मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. कारण रीत नसेल तिथे आपला अंदाज चुकतो, आणि चुकतो तो जवळजवळ नेहमी एकाच बाजूला. लोक आहेत त्याहून वाईट वाटतात.

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पाकिटांचा एक प्रयोग छापून आला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांच्या माणसांनी १७ हजारांहून जास्त पाकिटं बँका, टपाल कार्यालयं, हॉटेलं, नाट्यगृहं, पोलीस ठाणी अशा ठिकाणच्या काउंटरवर नेऊन दिली. कोपऱ्यावर सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघाल का, एवढं बोलून ते निघून जायचे. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाचा ईमेल पत्ता असलेली कार्डं, वाणसामानाची यादी, एक किल्ली, आणि काही पाकिटांत थोडे पैसे. काउंटरवरचा माणूस ईमेल करतो का, एवढंच पाहायचं. भारतही त्या ४० देशांत होता.

पैसे असले की पाकीट ढापलं जाणार, असंच कोणीही म्हणेल. अर्थतज्ज्ञांना विचारलं तर त्यांचाही अंदाज चुकला. प्रत्यक्षात पैसे नसलेल्या पाकिटांबाबत सरासरी ४० टक्के लोकांनी मालकाशी संपर्क साधला, आणि पैसे असलेल्यांबाबत ५१ टक्क्यांनी. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये रक्कम सातपट केली तर प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. काही पाकिटांतून मुद्दाम किल्ली काढून टाकली होती. किल्ली मालकाखेरीज कोणाच्याच उपयोगाची नाही. ती नसली की परत करण्याचं प्रमाण घटायचं. म्हणजे लोक मालकाची अडचण मनात आणत होते. शिवाय रक्कम वाढली तसं 'मी चोर ठरेन' हे स्वतःशीच टोचायला लागत होतं. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालानेही हा मुद्दा उचलला आहे. पाकीट परत मिळेल अशी लोकांना जेवढी आशा असते, त्याच्या साधारण दुप्पट प्रमाणात पाकिटं परत येतात.

आता कोणी म्हणेल, अंदाज चुकला तर बिघडलं काय? बरंच बिघडतं, आणि ते कसं हे समजायला झ्यूरिकमधला एक खेळ बघावा लागेल.

चारजणांना प्रत्येकी २० नाणी द्यायची. प्रत्येकाने गुपचूप ठरवायचं की सामाईक पेटीत किती टाकायची आणि स्वतःकडे किती ठेवायची. पेटीत पडलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं मिळतं. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाचे २० चे ३२ होतात. पण एकट्याचा हिशेब पाहिला तर टाकलेल्या नाण्यातलं ०.४ च आपल्याकडे परत येतं. तेव्हा गप्प बसून दुसऱ्यांच्या जिवावर खाणं फायद्याचं. सोसायटीच्या वर्गणीला दार न उघडणाऱ्यांना हे गणित उपजतच येतं.

उर्स फिशबाखर, सिमॉन गेश्टर आणि एर्न्स्ट फेर यांनी २००१ मध्ये या खेळात एक कळीचा प्रश्न घातला: बाकीच्यांनी सरासरी अमुक टाकली तर तुम्ही किती टाकाल? सुमारे ३० टक्के लोक पक्के फुकटे निघाले, कोणी कितीही टाको, यांचं शून्य. पण जवळजवळ निम्मे लोक असे होते की इतर जास्त टाकतील तर आम्हीही जास्त टाकू, इतर हात आखडता घेतील तर आम्हीही. संशोधक त्यांना 'सशर्त सहकारी' म्हणतात. आपल्यातले बरेचजण याच जातकुळीचे. लोक कसे वागतात असं आपल्याला वाटतं, त्यावर आपलं वागणं ठरतं.

या मंडळींत एक बारीक खोड आहे. ती इतरांच्या बरोबरीने टाकतात खरी, पण किंचित कमी. त्यामुळे खेळ अनेक फेऱ्या चालला की पेटी हळूहळू रिकामी होत जाते. कोणी दुष्ट नसतं, प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघून एक पाऊल मागे सरत असतो. जिन्यात कचरा साठतो, सभेला कोरम होत नाही, गच्चीच्या दुरुस्तीला पैसे जमत नाहीत, ते बहुतेक असंच.

उलट दिशेनेही हे चालतं, आणि आपल्या जुन्या चालीरीतींना ते पक्कं ठाऊक होतं. एखाद्याची नांगरणी खोळंबली, बैल गेला, घरचा कर्ता आजारी पडला, की गावकरी आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात उतरायचे आणि दिवसभरात रान उलथून द्यायचे. मालकाने फक्त जेवण घालायचं. ही इर्जिक. सावड त्याहून हिशेबी. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या. दोन्हींत काम उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. कोण आला, कोण नाही आला, हे गाव बघतं. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर घालून द्यायची, ही रीत मला तर फार हुशार वाटते. डबा रिकामा गेला तर हिशेब मिटला. साखर घातली की पुन्हा तिची पाळी, आणि दार वाजवायला निमित्त उरतं.

पण दुसऱ्यासाठी काही करण्यात सुख कुठे आलं? २००८ मध्ये एलिझाबेथ डन, लारा अॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी कॅनडातल्या विद्यापीठाच्या आवारात ४६ जणांना सकाळी लिफाफ्यातून ५ किंवा २० डॉलर दिले. काहींनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्चायचे होते, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश निघाले. रक्कम ५ की २०, याने फरक पडला नाही. इतरांना आधी अंदाज विचारला तर त्यांनी नेमकं उलटं सांगितलं. २०२० मध्ये बऱ्याच मोठ्या गटांवर, काय आणि कसं तपासायचं ते आधीच नोंदवून, असे प्रयोग पुन्हा झाले. परिणाम टिकला, पण लहान. दान करा आणि नैराश्य घालवा असले फॉरवर्ड येतात, त्यांना यातून आधार मिळत नाही.

शिकागोत बर्फावर स्केटिंग करायला आलेल्यांना गरम चॉकलेटचा कप देऊन अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी सांगितलं, स्वतः प्या किंवा कोणा अनोळखी माणसाला द्या. बहुतेकांनी देऊन टाकला. घेणाऱ्याला किती आनंद होईल, याचा देणाऱ्यांचा अंदाज मात्र प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. देणारा कपाची किंमत बघतो, घेणाऱ्याच्या लक्षात राहतं ते कोणीतरी आठवणीने आपल्याला दिलं हे. चुकलेला अंदाज पुन्हा तिथेच.

या क्षेत्रात फसवे प्रयोगही बरेच. १९७२ मध्ये सार्वजनिक फोनच्या खोक्यात मुद्दाम एक नाणं ठेवलं गेलं. ज्यांना ते मिळालं त्या १६ पैकी १४ जणांनी पुढे रस्त्यात कागद पडलेल्या बाईला मदत केली, ज्यांना नाही मिळालं त्या २५ पैकी एकानेच. हा किस्सा अजून पुस्तकांत फिरतो. पण दोनच वर्षांनी इतरांनी तो करून पाहिला तेव्हा तसलं काहीच दिसलं नाही. एका नाण्याने माणूस एवढा बदलत असता तर आपल्याकडच्या एक रुपयाच्या फोनच्या लाल डब्यांनी केव्हाच क्रांती केली असती.

आणि आपुलकीला कुंपण असतं हे तर विसरूच नये. लोकलमधला जो गट आपसांत जागा वाटून घेतो, तोच रुमाल टाकून चार जागा अडवतो आणि नवख्याला दारातच खडसावतो. आपुलकीची इर्जिक करणारी गावंच पाणवठ्यावर माणसांना अडवत होती. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. कागद झाला, वागणं तेच राहिलं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तिथे पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. तिथे कोणाच्या मनात दया जागी होण्याची वाट बघून चाललं नसतं. रीत उघडपणे मोडावी लागली.

कधी आड येते ती भीती. अपघात झालेल्याला उचललं तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, हा आपल्याकडचा अंदाज अनुभवातून आलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. कलम चांगलं आहे. पण ते माहीत असलेली माणसं गर्दीत किती असतात, आणि गर्दीतल्या बाकीच्यांना ते कसं कळणार, हा पेच उरतोच.

त्याचं आजवर मला पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या शाळांतून आलं. एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि सहकाऱ्यांनी २०१२-१३ मध्ये ५६ शाळांतल्या २४ हजारांहून जास्त मुलांना विचारलं, गेल्या काही आठवड्यांत तुम्ही कोणाबरोबर वेळ घालवलात? दहा नावं लिहा. त्यातून कोणाकडे जास्त नजरा असतात हे कळलं. मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या शाळांत मुलांचा एकेक छोटा गट निवडला, तोही चिठ्ठ्यांनीच. त्रास देणं, चिडवणं यांविरुद्ध काय करायचं ते त्याच मुलांनी ठरवलं. कोणी भांडण सोडवलं, एकट्या पडलेल्याला सोबत घेतलं, की त्याला नारिंगी मनगटपट्टी द्यायची, ही त्यातलीच एक युक्ती. भाषणं नव्हती, मूल्यशिक्षणाचा तास नव्हता. वर्षभरात त्या शाळांतल्या भांडणांच्या नोंदी सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या. ज्या गटांत योगायोगाने जास्त नजरा असलेली मुलं आली होती, तिथे घट आणखी मोठी होती. ही मुलं शिक्षकांनी निवडली नव्हती. नावं पोरांनीच लिहून दिली होती, आणि मॉनिटर नेमताना आपण त्यांना ती कधी विचारत नाही.