ल्युपस

ल्युपस (पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस) हा दीर्घकाळ चालणारा स्वयंप्रतिकार रोग असून त्यात जंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिकारयंत्रणा शरीराच्याच पेशींविरुद्ध, विशेषतः पेशीकेंद्रकातील डीएनए व प्रथिनांविरुद्ध, प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते. केंद्रकातील द्रव्ये व ही प्रतिपिंडे यांचे पुंजके रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत अडकून तेथे दाह होतो. रोग संसर्गजन्य नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याला काही अर्थ नाही. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांपैकी बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो.

विदर्भाच्या खेड्यांत नेमक्या याच वयाच्या बाया निंदण आणि कापूसवेचणीसाठी दिवसभर उन्हात असतात. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातील द्रव्ये उघडी पडतात आणि दाह भडकतो. गालांवर व नाकाच्या दांड्यावर फुलपाखरासारखा पसरणारा लालसर चट्टा पुष्कळदा वांग म्हणून सोडून दिला जातो. मात्र वांगाचा डाग तपकिरी असतो, तर हा चट्टा लाल असून नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बहुधा मोकळी सोडतो. मेडिकलमधून आणलेल्या मलमात स्टिरॉइड असल्यास तो काही दिवस दबतो आणि निदान तेवढे लांबते.

दुसरा घोटाळा सिकलसेलचा. विदर्भात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि सांधेदुखी, थकवा, रक्तक्षय ही लक्षणे दोन्हींत येतात. त्यामुळे सगळा त्रास सिकलसेलचाच समजला जातो; पण सिकलसेलचा अहवाल हाती असला म्हणून ल्युपस नाकारता येत नाही.

पेशीकेंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी एएनए ही रक्तचाचणी जवळजवळ सर्व रुग्णांत सकारात्मक येते, परंतु ती काही निरोगी माणसांतही येत असल्याने केवळ तिच्यावर निदान ठरत नाही; डीएनएविरोधी प्रतिपिंडे अधिक नेमकी मानली जातात. मूत्रपिंडाचा दाह मात्र दुखत नाही. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसणे एवढ्याच खुणा असतात, म्हणून लघवीतील प्रथिनांची साधी, स्वस्त तपासणी नियमाने करावी लागते.

रोग पूर्ण बरा होत नसला तरी आटोक्यात राहतो. मूळचे हिवतापाचे औषध असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हा उपचाराचा कणा असून ते गरोदरपणातही सहसा चालू ठेवतात. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो. दाह तीव्र असल्यास स्टिरॉइड देतात. बरे वाटले किंवा पैसे संपले म्हणून, बरेच दिवस चाललेले स्टिरॉइड एकाएकी बंद केल्यास रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते.