ब्राउझर-क्रॅश व त्याचे निदान

ब्राउझर-क्रॅश : संगणकावरील वेब ब्राउझर वापरणाऱ्याने बंद न करता एकाएकी बंद पडणे. ब्राउझर उघडा असूनही क्लिकला दाद देत नाही ती हँगची अवस्था निराळी. तिची कारणेही बहुधा निराळी असतात, आणि प्रस्तुत नोंदीत तिचा विचार केलेला नाही.

बहुतेक क्रॅश मेमरीच्या गैरवापरातून होतात. प्रोग्रॅमने आपल्या वाट्याला नसलेल्या किंवा आधीच मोकळ्या केलेल्या मेमरीला हात घातला, की ऑपरेटिंग सिस्टीम ती प्रक्रिया (म्हणजे चालू प्रोग्रॅमचा स्वतंत्र, स्वतःची मेमरी असलेला भाग) तिथल्या तिथे थांबवते. मोठे ब्राउझर प्रामुख्याने सी++ या भाषेत लिहिलेले असून तिच्यात मेमरीचा हिशेब प्रोग्रॅमरवर सोपवलेला असतो. क्रोमियम (गूगल क्रोम ज्यावर बेतलेला आहे तो मुक्त-स्रोत ब्राउझर) प्रकल्पाने २०२० मध्ये नोंदवले की, त्याच्या गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के याच जातीचे होते. काही क्रॅश मात्र हेतुपुरस्सर असतात : मागितलेली मेमरी मिळाली नाही, तर चुकीच्या माहितीवर पुढे जाण्यापेक्षा थांबणे बरे, या धोरणाने ब्राउझर स्वतःच बंद होतो.

सुरुवातीच्या ब्राउझरमध्ये सगळी पाने एकाच प्रक्रियेत चालत. एक पान बिघडले की सारी खिडकी जाई. प्रत्येक टॅबला वेगळी प्रक्रिया देण्याची कल्पना प्रथम कोणी राबवली, याविषयी एकवाक्यता नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ताहोमा या प्रायोगिक ब्राउझरात प्रत्येक वेब-अनुप्रयोग वेगळ्या आभासी संगणकात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) चालवून दाखवला होता (२००६). वापरातील ब्राउझरांपैकी इंटरनेट एक्सप्लोरर ८ ची पहिली चाचणी आवृत्ती मार्च २००८ मध्ये आली व तिच्यात खिडकीची चौकट आणि टॅब अलग केलेले होते. गूगल क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये चाचणी स्वरूपात आला. अंतिम आवृत्ती प्रमाण मानली तर क्रम उलटतो. क्रोमची डिसेंबर २००८ ची, तर एक्सप्लोररची मार्च २००९ ची. प्रक्रियांची वाटणी संकेतस्थळानुसार करण्याचा विचार क्रोमच्या रचनेत अधिक स्पष्ट दिसतो, त्यामुळे आजच्या ब्राउझरांचे मूळ तिकडे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. फायरफॉक्सने २०१० मध्ये (आवृत्ती ३.६.४) फ्लॅशसारखे प्लग-इन (पानातील व्हिडिओ, खेळ इत्यादी चालवणारे बाहेरचे जोड-प्रोग्रॅम) वेगळे काढले, पानांची विभागणी २०१६ पासून टप्प्याटप्प्याने झाली. त्या काळी फ्लॅश हे क्रॅशचे कुप्रसिद्ध कारण होते, पण त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. जुन्या मार्गदर्शनातील ‘फ्लॅश बंद करून पाहा’ ही सूचना आता गैरलागू होय.

या विभागणीमुळे निदानाला एक सोपे सूत्र मिळाले : नेमके काय पडले ते आधी पाहावे. एकच टॅब गेला व बाकीचे शाबूत राहिले, तर संशय त्या पानावर किंवा मेमरीच्या टंचाईवर जातो. तेच पान दुसऱ्या ब्राउझरात उघडले की बरेचसे कळते. पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत झाला, तर बहुधा ग्राफिक्सची प्रक्रिया कोसळून पुन्हा उभी राहिलेली असते. अशा वेळी डिस्प्ले ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा किंवा सेटिंगमधील हार्डवेअर ॲक्सेलरेशन (चित्रणाचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणे) बंद करावे. संपूर्ण ब्राउझर गेला, तर दोष मुख्य प्रक्रियेत शिरलेला असतो, आणि तो पुष्कळदा बाहेरून येतो. विंडोजवर अँटिव्हायरससारखे प्रोग्रॅम आपला कोड ब्राउझरात घुसवतात. गूगलने २०१७ मध्ये सांगितल्यानुसार, असा कोड शिरलेल्या संगणकांवर क्रोम क्रॅश होण्याची शक्यता १५ टक्क्यांनी अधिक होती. २०१८ पासून क्रोमने तो अडवण्यास सुरुवात केली.

एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे पूरक प्रोग्रॅम) तपासण्याच्या दोन प्रचलित रीती समान मानल्या जातात. त्या तशा नाहीत. क्रोमच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत एक्स्टेन्शन, खास परवानगी दिलेली नसल्यास, चालत नाहीत, पण हार्डवेअर ॲक्सेलरेशन चालूच राहते. फायरफॉक्सच्या ट्रबलशूट मोडमध्ये (विंडोजवर शिफ्ट की दाबून ब्राउझर सुरू करणे) एक्स्टेन्शन, थीम आणि हार्डवेअर ॲक्सेलरेशन ही सर्व एकदम बंद होतात. तेथे क्रॅश थांबला म्हणून एक्स्टेन्शनच दोषी, असे ठरत नाही. संशय पक्का झाल्यावर निम्मी एक्स्टेन्शन चालू ठेवून, मग त्यांतील निम्मी, असे करत दोषी एक्स्टेन्शन गाठता येते.

ब्राउझर काढून पुन्हा इन्स्टॉल करणे हा सर्वांत लोकप्रिय आणि बहुधा सर्वांत निष्फळ उपाय. बुकमार्क, सेटिंग व एक्स्टेन्शन यांची प्रोफाइल सहसा मागे राहते आणि नव्या ब्राउझराला तीच मिळते. त्याऐवजी कोरी प्रोफाइल तयार करून पाहावी. तिच्यात ब्राउझर टिकला, तर जुन्या प्रोफाइलमध्ये काहीतरी बिघडले आहे. सुरू होताच क्रॅश होत असेल, तर मागील टॅब आपोआप पुन्हा उघडणेही कारण असू शकते. कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) पुसण्याने क्वचितच फरक पडतो.

क्रॅशच्या अहवालात पडतेवेळी चालू असलेल्या फंक्शनची वा फाइलची खूण असते. फायरफॉक्समध्ये हे अहवाल मदत मेनूतील तांत्रिक माहितीच्या पानावर सापडतात. तीच खूण पुनःपुन्हा येत असल्यास दोष सॉफ्टवेअरचा समजावा. दर वेळी वेगळी खूण येत असेल आणि इतर प्रोग्रॅमही पडत असतील, तर रॅम तपासावी. मेमटेस्ट८६ त्यासाठी वापरतात. प्रोसेसरही निर्दोष धरता येत नाही : इंटेलने २०२४ मध्ये आपल्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरता मान्य करून मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनासंचाची) दुरुस्ती दिली.

लिनक्सवर मेमरी संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) स्वतःच एखादी प्रक्रिया मारते, व तिची नोंद सिस्टीम लॉगमध्ये मिळते. मॅकवर क्रॅशचे अहवाल कन्सोल या अनुप्रयोगात दिसतात.