‘टिप’मागची ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ची थाप

डेक्कनवरच्या हॉटेलात बडीशेपेच्या वाटीसोबत बिल येतं आणि टेबलावरचा एखादा जाणकार सुरू होतो: ‘टिप’ म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ (सेवा तत्पर मिळावी म्हणून) याची आद्याक्षरं, जुन्या लंडनच्या कॉफीगृहांत पैशांच्या डब्यावर म्हणे असं लिहिलेलं असायचं.

ही निव्वळ थाप आहे. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची टूम मुख्यतः विसाव्या शतकातली, आणि ‘टिप’ तिच्या कितीतरी आधीचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या भुरट्या चोरांच्या बोलीत ‘टिप’ म्हणजे ‘दे, सरकव इकडे’. अठराव्या शतकात तोच शब्द बक्षिशीसाठी रुळला. चोरबाजारातून थेट वेटरच्या ट्रेमध्ये! (आणि तत्परता विकत घ्यायची तर पैसे आधी नकोत का? आपण हात धुऊन झाल्यावर देतो.)

बोटाचं किंवा काठीचं टोक, ती ‘टिप’ निराळी, याहूनही जुनी. रेसकोर्सवर कोणता घोडा बाजी मारणार याची आतली खबर, तीही टिप. ती एकोणिसाव्या शतकातली, बहुधा त्या ‘सरकवण्या’तूनच आलेली. पोलिसांना मिळते ती हीच. पुस्तकातली तळटीप मात्र आपली, टिप्पणीच्या घरातली. तिचा बक्षिशीशी काडीचा संबंध नाही.