नेपाळला जाताना आधार कार्ड की मतदान कार्ड? दोन्ही एकच समजू नका

सुट्ट्या लागल्या की कराड, विटा, तासगाव, वाई, कुठून ना कुठून यात्रेची बस निघतेच. काशी, अयोध्या, गोरखपूर करून सोनौलीवरून नेपाळात, मग लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, पशुपतिनाथ आणि माघारी. आणि दरवेळी बसच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, "नेपाळला पासपोर्ट लागत नाही, फक्त आधार कार्ड सोबत ठेवा." यातलं पहिलं बरोबर आहे, दुसरं चूक आहे, आणि चूक दुरुस्त करायला गेलं की दहा जण उत्तर देतात "अहो ताई, आमचे मेहुणे आधारवरच जाऊन आले." माझे मामा अशा बसेस काढतात आणि कागद गोळा करायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हे सांगून सांगून मी खरंच थकले, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

चालू पासपोर्ट असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, तो घ्या आणि निघा. व्हिसाही लागत नाही. पण आपल्याकडे यात्रेला येणाऱ्या निम्म्या लोकांकडे पासपोर्ट नसतो आणि केवळ नेपाळसाठी पंधराशे रुपये फी भरून काढायचीही गरज नाही. त्यांच्यासाठी दुसरा कागद म्हणजे निवडणूक आयोगाचं फोटो ओळखपत्र, आपलं मतदान कार्ड. आधार नाही, पॅन नाही, लायसन नाही.

आता हे आधार का नाही? सगळा घोळ इथंच आहे. आधार आपण बँकेत देतो, मोबाईलच्या सिमकार्डाला, लॉजला, रेल्वेत टीसीला, पुण्याहून दिल्लीच्या विमानात बसतानाही दाखवतो, सगळीकडे चालतं, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय की सगळ्यात मोठा कागद हाच. पण आधार फक्त एवढंच सांगतं की हा माणूस तोच आहे, ज्याचे बोटांचे ठसे आणि डोळे आम्ही नोंदवलेत. तो कोणत्या देशाचा आहे हे आधार सांगतच नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आधार नंबर हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि आधारच्या कागदावरही तेच छापलेलं असतं, काढून वाचा. आधार मिळतं भारतात राहणाऱ्याला, म्हणजे अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथं राहिलेल्याला. नागरिक असायची अट नाही.

मी लोकांना नेहमी एकच उदाहरण देते. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलात किंवा आपल्याकडच्या एखाद्या सोसायटीत वॉचमन म्हणून वर्षानुवर्षं काम करणारा नेपाळी माणूस असतो ना, त्यालाही नियमात राहून आधार मिळू शकतं. आता तो आणि तुम्ही दोघंही सोनौलीला आधार घेऊन उभे राहिलात तर समोरच्या अधिकाऱ्याला त्या कागदावरून कसं कळणार की भारताचा कोण आणि नेपाळचा कोण? आणि त्याला तर नेमकं तेवढंच बघायचंय. भारत-नेपाळची हद्द मोकळी आहे, १९५० च्या करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना ये-जा करता येते, पण ती सवलत या दोन देशांच्या नागरिकांना आहे, तिथं राहणाऱ्या कुणालाही नाही. मतदान कार्ड मात्र कायद्याने नागरिकालाच मिळतं, राज्यघटनेच्या कलम ३२६ प्रमाणे मतदार व्हायचं तर भारताचा नागरिक आणि १८ पूर्ण असावं लागतं. म्हणून ते चालतं.

यावर नेहमीचा प्रश्न, "मग मतदानाला आधार कसं चालतं?" चांगला प्रश्न आहे. मतदान कार्ड नसेल तर केंद्रावर आधार किंवा पासपोर्ट, पॅन असं दुसरं काहीही दाखवून मत देता येतं हे खरं. पण तिथं अधिकाऱ्यासमोर मतदार यादी असते. तुम्ही नागरिक आहात हे यादीत नाव घालताना आधीच ठरलेलं असतं, आधार फक्त यादीतला माणूस तुम्हीच का एवढं बघायला. हद्दीवर कुणाकडे यादी नसते, जे आहे ते तुमच्या हातातल्या कार्डावरच असलं पाहिजे.

आता मेहुण्यांचं. ते आधारवर जाऊन आले यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण सोनौलीला किंवा रक्सौलला रस्त्यावरून जाताना बऱ्याचदा कुणी काही विचारतच नाही, बस सरळ पुढे जाते. म्हणजे त्यांचं आधार चाललं नाही, ते तपासलंच गेलं नाही. आमच्या आत्या आणि मामंजी असेच बसने गेले, वय ६१ आणि ६४, जवळ फक्त आधार. काठमांडूत आत्यांना ताप भरला, आता दोन दिवस बसचा प्रवास झेपायचा नाही म्हणून मुलाने इकडे बसून काठमांडू ते दिल्ली विमानाचं तिकीट काढलं आणि विमानतळावर काउंटरवरूनच दोघांना परत पाठवलं. विमानाला कार्ड बघितल्याशिवाय बसवतच नाहीत. भारतीय दूतावासातून भारतात परतण्यापुरता एकेरी कागद मिळतो, पण परक्या गावात, अंगात ताप असताना त्या कागदामागे कोण फिरणार? शेवटी गाडी करून, मध्ये दोन मुक्काम घेत रस्त्याने आणलं. त्यांचं मतदान कार्ड इकडे तासगावला कपाटात, साडीच्या घडीत होतं. तो ग्रुपवरचा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

आधार चालतं ते दोन वयांत, १५ च्या खाली आणि ६५ च्या वर. ६० नाही, ६५. एरवी सिनियर सिटिझन ६० ला होतो म्हणून लोक तोच आकडा इथंही धरतात. आणि ६५ च्या वर असाल तरी माझं म्हणणं मतदान कार्डच घ्या. आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत लिहिलेली १ जून असते आणि कितीतरी जुन्या आधारवर तर नुसतं सालच असतं, मग ६५ झाली की व्हायचीत यावर तिथं वाद घालत बसायचं का?

१५ ते १८ मधली पोरं राहतात, त्यांच्याकडे मतदान कार्ड असणारच नाही. त्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरलेल्या नमुन्यात ओळखीचा दाखला मिळतो. साधं बोनाफाईड घेऊन निघू नका. सगळं कुटुंब एकत्र असेल आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असेल तर बाकीच्यांना फोटोचा आणि नात्याचा पुरावा दाखवून जाता येतं अशीही सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी बारीकसारीक. पत्ता वेगळा असेल तर घाबरू नका, आपल्या विटा-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम करणारी, माणसं देशभर पसरलीत, कुणाचं आधार तमिळनाडूतलं आणि मतदान कार्ड गावचं असतं, नाव आणि फोटो जुळल्याशी कारण. कार्ड मूळ घ्या, झेरॉक्स नको, मोबाईलमधला फोटो तर नकोच. हरवलं असेल किंवा नाव चुकलं असेल तर फॉर्म ८, आणि नाव यादीतच नसेल तर फॉर्म ६, दोन्ही ऑनलाइन भरता येतात. पण कार्ड घरी यायला वेळ लागतो, त्यामुळे बसचा अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी हे बघा. स्वतःची गाडी नेणार असाल तर भन्सार, म्हणजे तिकडच्या कस्टमची पावती, वेगळी काढावी लागते.

आणि भूतानला जाणाऱ्यांनी वरचं ६५ चं गणित तिकडे लावू नका. जयगावहून फुन्शोलिंगला शिरताना परमिट काढावं लागतं, त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदान कार्ड, आजोबा असोत की आजी. शिवाय माणशी रात्रीला १२०० रुपये फी आहे. १८ च्या खालच्या मुलाला पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो आणि तो इंग्रजीत हवा. ग्रामपंचायतीने हाताने लिहून दिलेला जुना मराठी दाखला असेल तर तो आत्ताच बदलून घ्या.